साडूने घेतलेला माझ्या घराचा अंदाज

झरी गावातलं काम आटपून रविवारी दुपारी तलासरीला घरी आलो, तर दारात साडूची मोटरसायकल उभी. आत पाहतो तर हा गृहस्थ माझ्या हॉलच्या भिंतीवर तळहात टेकवून उभा, आणि मागे माझी बायको चहाचा कप घेऊन. मला वाटलं सहज आला असेल, मेहुणीने काहीतरी पाठवलं असेल. चपला काढता काढता विचारलं, "काय, आज इकडे कुठे वाट चुकलात?" तो तोंड उघडायच्या आत बायकोच म्हणाली, "मी बोलावलंय भाऊजींना. आपल्या घराच्या रंगाचा अंदाज घ्यायला."

मी पेंटर आहे. अर्धं आयुष्य लोकांची घरं आतून रंगवण्यात गेलं, तलासरीपासून डहाणूपर्यंत. भिंती मोजायच्या, किती दिवस लागतील ते सांगायचं, भाव ठरवायचा, हेच माझं पोट. आणि माझ्या बायकोने माझ्याच भिंती मोजायला दुसरा पेंटर बोलावला होता. गावात कुणाला कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

बरं, दुसरा म्हणजे कोण, तर हा. माझ्या मेहुणीचा नवरा. लग्नाआधी तो माझ्याच हाताखाली होता. पुट्टी किती पातळ कालवायची, रोलर कुठून कुठे न्यायचा, कोपरा ब्रशने कसा काढायचा, सगळं माझ्याकडे शिकला. मुलगा सरळ आहे, पीत नाही, म्हणून मेहुणीसाठी स्थळही मीच सुचवलं. सायवनला सासऱ्यांसमोर बसून त्याची तोंड भरून तारीफ केली ती मीच. तोवर मी त्याला अरे-तुरे करायचो. लग्न झालं आणि अहो-जाहो करावं लागलं. तेही मीच ओढवून घेतलेलं.

लग्नानंतर तो डहाणूला राहायला गेला, स्वतःची चार माणसं धरली, आणि बघता बघता तिथल्या बिल्डिंगांमधून माझी कामं त्याच्याकडे जायला लागली. त्याने पळवली असती तर भांडलो तरी असतो. लोक आपणहून त्याला बोलवायचे. शर्टावर रंगाचा ठिपका नाही, नखात पुट्टी नाही. पेंटर आहे की बँकेतला साहेब, कळू नये. सासरी गेलं की सासूबाई त्याच्या ताटात आधी वाढायच्या. मी बघायचो आणि मूग गिळून जेवायचो.

आमच्या धंद्यात रंग सगळेच मारतात. काम मिळतं ते अंदाजावर. माझी पद्धत सांगतो. मी टेप घेऊन जातो, एकेक भिंत मोजतो, छत मोजतो, दारं-खिडक्या वजा करतो. बाकीचे करत नाहीत, मी करतो. जुना रंग खरवडावा लागेल की नुसतं घासून भागेल ते बघतो आणि फुटाचा रेट सांगतो. गिऱ्हाईक घासाघीस करणारच, म्हणून रेट थोडा चढा. दिवस मात्र कमी. कारण घरातल्या बाईला पैशापेक्षा पसाऱ्याची धास्ती असते. पंधरा दिवस म्हटलं की ती म्हणते दिवाळीनंतर बघू. म्हणून मी बारा दिवसांचं काम सात दिवसांत बसवून सांगतो. एकदा कपाटं हलली, भिंती खरवडल्या, की मग गिऱ्हाईक कुठे जातंय? चार दिवस इकडे, दोन दिवस तिकडे, असं करत तीन घरं एकदम चालवता येतात. या पट्ट्यातला कुठलाही पेंटर हेच करतो.

हा सोडून. याची टेप शेवटी निघते. आधी हा घरभर फिरतो आणि नको त्या चौकशा करतो. डहाणूला एका गुजराती आजींच्या फ्लॅटचा अंदाज मी तासभर घाम गाळून काढला होता. माझ्यानंतर हा गेला. त्याने विचारलं काय, तर आजी कुठल्या खोलीत झोपतात, देव्हारा हलवला तर चालेल का, रंगाच्या वासाने त्रास होतो का. समुद्राकडच्या भिंतीला हात लावून म्हणाला, ही लवकर सुकत नाही, हिचे तीन दिवस वेगळे धरा. भाव माझ्यापेक्षा जास्त, दिवस माझ्या दुप्पट. काम त्याला मिळालं. मी न राहवून आजींना फोन केला, की बाई, मी स्वस्तात देत होतो की. त्या शांतपणे म्हणाल्या, "तमारो साढु खोटुं नथी बोलतो." म्हणजे तुमचा साडू खोटं बोलत नाही. मग मी काय बोलतो ते त्यांनी सांगितलं नाही, पण मला रात्रभर तेच ऐकू येत राहिलं.

तर असा हा माणूस माझ्या हॉलमध्ये उभा होता.

त्याला तिथे बोलवायला कारण होतं. महिन्याभरात मुलीचा साखरपुडा, आणि तो घरीच करायचा ठरलेला. मुलाकडची माणसं डहाणूची, चांगली, घरदार बघणारी. आणि आमचं घर पेंटरचं घर जसं असतं तसं होतं. लोकांकडे काम संपलं की डब्यात तळाला रंग उरतो. तो मी घरी आणायचो आणि ज्या भिंतीला पुरेल तिला मारायचो. त्यामुळे हॉलची एक भिंत कुणा डॉक्टरच्या दवाखान्याची निळी, दुसरी बोर्डीच्या एका बंगल्याची बदामी, स्वयंपाकघर शाळेच्या ऑफिसचं पिस्ता. बायको दर वर्षी म्हणायची, एकदा सगळ्या घराला एकच रंग द्या. मी म्हणायचो, पाऊस जाऊ दे. पाऊस गेला की म्हणायचो, सिझन आहे, लोकांची कामं उरकू दे. घरचं काम कुठे पळून जातंय? मुलगी शाळेत होती तेव्हापासून हे चाललेलं. आता तिचं लग्न ठरलं होतं.

साडूने सगळ्या खोल्या पाहिल्या. बायकोला विचारलं, स्वयंपाक दोन दिवस पडवीत केला तर जमेल का, मुलीचं कपाट कुठे सरकवायचं, पाहुणे बसणार कुठे. ती उत्तरं देत होती, आणि देताना तिचा चेहरा खुलत होता. माझ्या घरात, माझ्यासमोर, माझी बायको त्याला सांगत होती की तिला फिका पिवळा आवडतो. मला हे कधी बोलली नव्हती. बोलली असेल तर माझ्या लक्षात नव्हतं.

"बारा दिवस लागतील, ताई," तो म्हणाला. "मटेरियलसकट तीस हजार. घरचं आहे म्हणून माझं त्यात काही धरलेलं नाही, माणसांची रोजची हजेरी आणि सामान तेवढंच."

"आणि मी काय मेलो का?" मी म्हणालो.

बायको जराही दचकली नाही. "तुम्हीही सांगा की," ती म्हणाली. "भिशी लागलीये माझी. पैसे मी देणार आहे. दोघांचा अंदाज ऐकते आणि ठरवते."

"माझ्या घराला मी पैसे घेऊ? फुकट करीन."

"फुकटचं नको. फुकटचं इतकी वर्षं बघतेय."

साडू चहाच्या कपात बघत बसला. मला तेवढंच पुरे झालं. मी टेपसुद्धा काढली नाही. म्हटलं, "वीस हजार. सात दिवस. उद्यापासून." बायको आत गेली, तिने डब्यातून पाच हजार काढून आणले आणि गिऱ्हाइकासारखे माझ्या हातावर ठेवले. "हा ॲडव्हान्स. आता तुम्ही माझ्या कामावर आहात." कसं कोण जाणे, पण आजपर्यंत कुठल्याही ॲडव्हान्सने माझा हात इतका जड झाला नव्हता. तरी मी साडूकडे असं बघितलं की बघ, काम कुणाला मिळालं.

तो खुशीतच उठला. "बरं झालं दादा. घरचं काम घरातच झालं." आणि दारातून निघताना म्हणाला, "किचनच्या बाथरूमकडल्या भिंतीला ओल आहे. तिथे दोन दिवस जास्तीचे धरा." अंगाचा तिळपापड झाला माझ्या. ओल म्हणजे काय ते याला मी शिकवलं होतं.

सोमवारी खरंच सुरुवात केली. सामान अंगणात काढून ताडपत्री घातली, देव शेजारी ठेवले, हॉल आणि मुलीची खोली खरवडून काढली. निळा, बदामी, त्याच्याखाली आणखी कुठलेकुठले रंग पोपडे होऊन पायाशी पडत होते. बायको मधूनमधून येऊन बघत होती. संध्याकाळी ती म्हणाली, "झालंच मग या वेळी." मला इतकं बरं वाटलं की मी दुसऱ्या दिवशीसाठी प्रायमरचा डबा उघडूनच ठेवला.

मंगळवारी सकाळी बोर्डीहून फोन. तिथल्या चिकूच्या वाडीतल्या बंगल्याचं काम माझ्याकडे होतं, आणि त्यांनाही मी आधीच्या आठवड्यात सांगून ठेवलं होतं की झालंच, दोन दिवसांचं उरलंय. मालक मुंबईचे, नाताळात त्यांच्याकडे माणसं येणार. वरच्या मजल्याला अजून दुसरा हात मारायचा राहिला होता. मोठं गिऱ्हाईक. आणि खरं सांगायचं तर मला भीती होती की हेही काम साडूच्या हाती जाईल, त्याचं तिकडे येणं-जाणं होतंच. बायकोला म्हटलं, एक दिवस जाऊन येतो. ती म्हणाली, "जा." एवढंच.

एक दिवस कसला. जिन्याची भिंत फुगली, मालकीणबाईंना गच्चीच्या खोलीचा रंग आवडेना, परत मारावा लागला. सकाळी जायचो, अंधार पडता यायचो. घरी ताडपत्रीखाली कपाट, पडवीत स्टोव्ह, मुलीच्या उशाशी भुकटी. रोज म्हणायचो, उद्या नक्की. बायको भाकरी वाढायची आणि काही बोलायची नाही. तिने भांडायला हवं होतं. गिऱ्हाइकं भांडतात, फोनवर शिव्या देतात, त्यांचं काय करायचं ते मला ठाऊक आहे. गप्प बसणाऱ्या गिऱ्हाइकाची मला सवय नव्हती.

शनिवारी दुपारीच बोर्डीचं संपलं. स्कूटरवरून येताना मनात हिशेब करत होतो, उरलेलं काम रोज किती ओढलं तर साखरपुड्याआधी आटपेल. घराच्या वळणावर आलो आणि मला वास आला. प्रायमरचा. दारात त्याची मोटरसायकल. आत त्याची दोन माणसं माझ्या शिडीवर, माझ्या भिंतींना प्रायमर लावत होती. हॉल पुरा झाला होता. पांढरा, सलग, एक थेंब खाली नाही. मी स्वतः केला असता तरी याहून नीट झाला नसता, आणि हेच मला सहन होईना.

"मी बोलावलं," बायको म्हणाली. दुसऱ्यांदा तेच वाक्य. "सात दिवस म्हणाला होतात. सहावा आहे."

मी काय करणार होतो? भांडलो तर अंगणात सामान, आणि माणसं बघतायत. निघून गेलो तर माझ्याच घरातून मी कुठे जाणार? हात धुतले, कपडे बदलले आणि ब्रश उचलला. लोक माझं घर रंगवतायत आणि मी खुर्चीत बसलोय, हे तर अजिबात जमणार नव्हतं. साडू माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा, तुम्ही किचन घेता? तिथे हात तुमचाच लागेल." काम वाटून देत होता मला. माझ्या घरात.

किचनची ती बाथरूमकडली भिंत त्याने सांगितली होती तशीच निघाली. खरवडली तर आतून दमट, बोटाला लागत होती. मी पुट्टी लावायला घेतली, तर म्हणाला, "राहू द्या दोन दिवस उघडीच. सुकली की लावू." मला म्हणायचं होतं, मला नको शिकवू. पण भिंत खरंच ओली होती. ते दोन दिवस मी खिडक्यांची दारं घासत बसलो आणि तो काय करतो ते बघत राहिलो. काही विशेष करत नव्हता. सकाळी येताना बायकोला विचारायचा आज कुठली खोली मोकळी हवी, आणि ती संध्याकाळपर्यंत मोकळी करून द्यायचा. मुलीला अभ्यास असला तर तिची खोली उद्यावर. बस, इतकंच. एवढ्यासाठी डहाणूतली सगळी म्हातारीकोतारी त्याच्यावर जीव टाकतात.

आणि त्याने मला हजेरी दिली.

पहिल्याच संध्याकाळी. माणसांना ओळीने पैसे देत देत माझ्यापाशी आला आणि त्यांच्याइतकेच माझ्याही हातावर ठेवले. बायको दारात उभी होती. आधी वाटलं, तोंडावर फेकावेत. मग वाटलं, नाही घेतले तर मी फुकट राबलो असं होईल, आणि फुकटचं काय होतं ते तिने सांगितलेलंच होतं. घेतले. खिशात घालताना कळलं, मी माझ्या माणसांना जेवढे देतो त्यापेक्षा हे जास्त आहेत. याला परवडतं कसं? भाव माझ्याहून थोडाच चढा, माणसांना जास्त देतो, दिवस जास्त लावतो, आणि तरी याची माणसं याला सोडून जात नाहीत. माझी दर पावसाळ्यात पळतात. पुढे रोज त्याने दिले आणि रोज मी घेतले. बायकोचा ॲडव्हान्स मी तिच्या डब्यात गुपचूप परत ठेवला. तिने तो मोजला असणार.

आल्या दिवशी त्याने बायकोला काम संपायचा दिवस सांगितला होता, की येत्या मंगळवारच्या पुढचा मंगळवार. त्या मंगळवारी दुपारी देव परत देव्हाऱ्यात बसले. सगळं घर एका रंगाचं, फिकं पिवळं. बायको एकेका खोलीत जाऊन उभी राहत होती. मुलगी म्हणाली, "बाबा, घर मोठं दिसायला लागलं." मी हो म्हटलं. मलाही दिसत होतं. जे दिसत होतं त्यात किचन माझं होतं, खिडक्या माझ्या होत्या, पण हे कुणाला सांगणार?

साखरपुड्याला मुलाकडची माणसं आली. पेढे झाले, अंगठ्या झाल्या. चहा घेताना मुलाचे वडील भिंतीकडे बघत राहिले. "सुंदर काम आहे. पेंटर घरातलाच, मग काय," ते मला म्हणाले. मी तोंड उघडणार, एवढ्यात कोपऱ्यातून साडू म्हणाला, "दादांचंच काम आहे. मी काय, हाताखाली होतो." खोटं न बोलणारा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला. सगळ्यांसमोर. त्यापेक्षा याने खरं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, निदान त्याच्याविषयी चारचौघांत वाईट बोलता आलं असतं.

व्याही खूश झाले. "मग आमचंही घर तुम्हीच करा. चार खोल्या आहेत. लग्नाआधी व्हायला हवं. किती दिवस लागतील?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मुलीची सासू, सायवनची माणसं, साडू, सगळे. घर मी पाहिलेलं होतं, साखरपुड्याचं बोलायला गेलो तेव्हा. समुद्राकडचं, भिंतींना ओल, वरच्या खोलीत आजारी आजी. वीस दिवसांच्या आत होण्यासारखं नव्हतं. मला हे माहीत होतं. आणि साडूला माहीत आहे हेही मला माहीत होतं. तो काही बोलायच्या आत मला बोलायचं होतं.

"दहा दिवसांत देतो," मी म्हणालो.

बायको कप गोळा करत होती. तिने वर बघितलंसुद्धा नाही. ट्रे उचलता उचलता विहीणबाईंना म्हणाली, "दहा म्हणालेत ना, मग वीस धरा."

सगळे हसले. व्याही हसले, सासूबाई हसल्या, माझी मुलगीही तोंडावर हात धरून हसली. एकटा साडू हसला नाही. तो खाली मान घालून पेढ्याचा कागद घडी करत बसला होता, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.